वीतभर वायर

"काकू, कापू का?"

फायबर जोडायला आलेला मुलगा बाल्कनीत स्टुलावर उभा होता. एका हातात कटर, दुसऱ्या हातात आमच्या जुन्या इंटरनेटची काळी वायर. ही वायर गच्चीवरून उतरून बाल्कनीच्या कोपऱ्यातून घरात शिरायची आणि मधे जिथे जरा सैल लोंबायची, तिथे शिंजिराचं घरटं होतं. माझ्या कानात हेडफोन, समोर मीटिंग चालू, आणि मराठीच्या कामाचे दर पुढच्या महिन्यापासून काय असतील ते पलीकडून कुणीतरी शांतपणे सांगत होतं. मी खुर्चीतूनच मान वळवली. पिल्लं उडून दोन आठवडे झाले होते, उडताना मी स्वतः पाहिली होती. "रिकामं आहे रे, काप," म्हटलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

त्यानं लगेच कापली नाही. मोबाइलचा टॉर्च लावून घरट्याच्या इवल्याशा दारातून आत बघितलं, घरट्याला बोटही न लावता. मग घरट्यासकट वीतभर तुकडा शाबूत राहील अशी दोन्हीकडून वायर कापली, आणि तो तुकडा दोन केबल टायनी ग्रिलला बांधून टाकला. मीटिंग संपवून मी बाहेर आले तेव्हा तो स्टूल पुसून जागेवर ठेवत होता. "आमच्याकडं घरटं मोडत नाहीत," एवढंच म्हणाला. मला तेव्हा नीट उत्तरही सुचलं नाही. चहा विचारला, तर त्याला अजून चार घरं करायची होती.

ती तिसऱ्या दिवशी आली. राखाडी गळ्याची, पिवळ्या पोटाची मादी. जिथे वायर लोंबायची नेमकी त्या जागी हवेत पंख फडफडवत थांबली. तिथे आता काहीच नव्हतं. मधुमालतीच्या वेलावर जाऊन बसली, 'चिक् चिक्' करत राहिली, परत त्याच जागी आली, परत थांबली. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही, पण माझा चहा गार झाला. ग्रिलला बांधलेलं घरटं तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरटं तेच होतं. जागा ती नव्हती.

शिंजीर कधी कधी जुनंच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरतात हे मला नंतर कळलं. म्हणजे मी ज्याला रिकामं म्हणाले ते तिच्या लेखी रिकामं नसणार. हे काही फार मोठं पाप नाही, हे मलाही कळतं. पण त्या आठवड्यात ती हवेतली थांबलेली मादी माझ्या डोळ्यांपुढून हलेना, कारण त्याच आठवड्यात मीही माझ्या टेबलाशी बसून तशीच, नसलेल्या जागी थांबल्यासारखी झाले होते.

माझं काम भाषांतराचं. गेली सोळा-सतरा वर्षं पुण्यात, एरंडवण्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर बसून मी परगावच्या, परदेशच्या एजन्सींची कामं करते. पोर्टलवर फाइल येते, शब्दांवर पैसे मिळतात, चेहरे कधी दिसत नाहीत. त्यात दवाखान्यांची कागदपत्रं बरीच असतात. संमतीपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची त्याच्या सूचना. त्या दिवशीच्या मीटिंगचा सारांश असा, की यापुढे मराठीचं पहिलं भाषांतर मशीन करणार, आम्ही ते तपासायचं, आणि तपासायचा दर आधीच्या दराच्या निम्म्याहूनही कमी. आमचा सहा जणींचा एक गट आहे, सगळ्या याच कामातल्या. त्या रात्री गटावर कोणीच फारसं बोललं नाही. एकीनं फक्त लिहिलं, "आता काय करायचं गं?" आणि त्याखाली बराच वेळ काहीच आलं नाही.

मशीनचं काम वाईट असतं असं मी म्हणणार नाही. पानंच्या पानं ते नीट करतं, आणि हे कबूल करताना मला आत कुठेतरी दुखतं. पण दुसऱ्याच आठवड्यात माझ्यापुढे सिझेरियननंतरच्या काळजीचा कागद आला. टाक्यांतून पू किंवा पाणी येऊ लागलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, असं मूळ वाक्य. इंग्रजीत त्या स्रावालाही डिस्चार्ज म्हणतात आणि दवाखान्यातून घरी सोडण्यालाही. मशीननं लिहिलं होतं, "जखमेला घरी सोडल्यास डॉक्टरांशी संपर्क साधा." व्याकरण अगदी शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ चोख. मी ते वाक्य कितीतरी वेळ बघत बसले. जालन्याकडे कुठेतरी पहिलटकरीण घरी आली आहे, सासू तो कागद हातात धरून वाचते आहे, पोरीला ताप आहे आणि टाके ओले झालेत. त्या दोघींनी या वाक्याचं काय करायचं?

अशा दिवसांत माणूस आधार शोधतो. गटातल्या एकीनं एका वेबिनारची लिंक पाठवली, विषय होता ऑनलाइन कामातल्या बदलांना सामोरं जाताना निसर्गाकडून काय शिकावं. मी मनापासून ऐकायला बसले. पहिलीच गोष्ट गरुडाची निघाली. व्हॉट्सअ‍ॅपवर ती सगळ्यांकडे येऊन गेलेली आहे. चाळिसाव्या वर्षी गरुडाची चोच वाकते, नख्या मऊ पडतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर एकटा जाऊन चोच खडकावर आपटून तोडतो, नवी आली की नख्या उपटतो, पिसं उपटतो, दीडशे दिवस यातना सोसतो आणि मग आणखी तीस वर्षं जगतो. पुढच्या स्लाइडवर डार्विनच्या नावानं एक वाक्य होतं. सर्वांत बलवान टिकत नाही, सर्वांत हुशारही टिकत नाही, जो बदलाशी जुळवून घेतो तोच टिकतो. खाली चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला.

मला मात्र ते ऐकताना घुसमटल्यासारखं झालं. माझं वय सत्तेचाळीस. म्हणजे मी चोच आपटून तोडायची होती आणि तोडली नाही, म्हणून ही वेळ आली, असा त्याचा अर्थ माझ्या मनानं लावला. संदर्भ तपासल्याशिवाय वाक्य पुढे जाऊ द्यायचं नाही ही या कामाची जुनी सवय. रात्री उठून शोधत बसले. गरुड रानात सत्तर वर्षं जगतच नाही. चोच तुटलेला शिकारी पक्षी मांस फाडू शकत नाही, काही दिवसांत उपाशी मरतो. खरं तर चोच नखासारखी सतत वाढत असते आणि खाताना, फांदीवर-दगडावर घासताना सतत झिजत असते. ते डार्विनचं वाक्यही डार्विनचं नाही. त्याच्या १८५९ च्या ग्रंथात ते कुठेच नाही. लिऑन मेगिन्सन नावाच्या, अमेरिकेत लुइझियानात व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्राध्यापकानं १९६३ साली डार्विनचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं होतं, आणि हातोहाती फिरता फिरता ते शब्द डार्विनच्याच तोंडी जाऊन बसले. मध्यरात्री हे वाचून मला केवढं हलकं वाटलं, सांगता येत नाही. निसर्गाच्या नावानं मला जे फटकारलं जात होतं ते निसर्गानं म्हटलेलंच नव्हतं.

मग निसर्ग काय म्हणतो ते बघायला सकाळी टेकडीवर गेले. कांचन गल्लीतून वर चढायची माझी कित्येक वर्षांची वाट, पण हिवाळाभर कामाच्या धास्तीनं सुटली होती. फेब्रुवारीचा शेवट. पायवाटेवर पाचोळा इतका कोरडा, की सरडा पळाला तरी माणूस चालल्यासारखा आवाज होतो. सकाळी आठलाच ऊन चटका देत होतं आणि गवताला तो भाजल्यासारखा खरपूस वास सुटला होता. वर खाणीच्या बाजूला घारी घिरट्या घालत होत्या. त्यातली एक अगदी डोक्यावर खाली आली, आणि तिच्या डाव्या पंखाच्या कडेला एका पिसाएवढी खाच दिसली. आतून आकाश दिसत होतं. ती वळली तेव्हा पाहिलं, उजव्या पंखातही बरोबर त्याच जागी तेवढीच खाच.

टेकडीवर एक निवृत्त सर रोज भेटतात, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेले. मी त्यांना ती खाच दाखवली. म्हणाले, "पिसं बदलतेय ती. शिकारी पक्षी सगळी पिसं एकदम टाकत नाहीत. टाकली तर उडणार कशी, खाणार काय? एक इकडचं पडतं, त्याच्याच जोडीचं तिकडचं पडतं. ते उगवत आलं की पुढचं. तोल जाऊ न देता महिनोन्‌महिने चालतं हे." आणि जरा थांबून, "या दिवसांत तिला शिकार जरा जड जाते. पण उपाशी बसत नाही."

मी ती घार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

सरांबरोबर चाललं की चाल मंदावते, कारण ते दर दहा पावलांवर थांबतात. त्या दिवशी कांडोळाखाली थांबलो. ज्यांनी हे झाड रात्री पाहिलंय ते त्याला भुताचं झाड का म्हणतात हे वेगळं सांगायला नको. पांढरंशुभ्र खोड, एक पान नाही, फांद्या आभाळात वेड्यावाकड्या. जवळ गेलं की सालीचे पापुद्रे सुटलेले दिसतात, जुन्या पुस्तकातल्या जिलेटिन कागदासारखे पातळ. एक पापुद्रा सरांनी अलगद उचलला, आत खोड हिरवट होतं. आणि फांदीच्या टोकाला, पान नसताना, नखाएवढी हिरवट-पिवळी फुलं झुबक्यांनी लागलेली. कांडोळ दिवाळीच्या सुमाराला पानं टाकायला लागतो आणि पावसापर्यंत नवी आणत नाही. पाणी नसताना पानं पोसणं परवडत नाही म्हणून खर्च बंद करतो, पण फुलायचं काम त्याच काळात उरकून घेतो. दरवर्षी मी ते झाड पाहत आले आणि दरवर्षी मला ते वाळलेलं वाटत आलं. मला कांडोळ म्हणजे बदल असं काही म्हणायचं नाही. तो काहीच बदलत नाही, उलट लाखो वर्षांचं ठरलेलं वेळापत्रक पाळतो. मला फक्त इतकं जाणवलं, की कोणतं काम सध्या थांबवायचं आणि कोणतं काहीही झालं तरी थांबवायचं नाही, हे त्याचं पक्कं ठरलेलं आहे. माझं तसं काही ठरलेलं नव्हतं. मी घाबरून सगळंच धरून बसले होते.

त्याच्या पलीकडचा सगळा उतार गिरिपुष्पाचा. फिकट गुलाबी फुलांनी लहडलेला, लांबून अतिशय देखणा. मधमाश्यांचा गुणगुणाट होता, पण झाडांच्या खाली काही नाही. ना झुडूप, ना घरटं. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड, उंदीरमारी म्हणतात त्याला. काडी खोचली की जगतं, झपाट्यानं वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी भरमसाट लावलं गेलं. मी काहीतरी कडवट बोलले त्याबद्दल. सर म्हणाले, "आम्हीच लावलीत हो ती. विद्यार्थ्यांना घेऊन श्रमदानाला यायचो. टेकडी अगदी बोडकी होती तेव्हा, बघवायची नाही. पटकन हिरवं हवं होतं." मग त्यांनी वाट सोडून थोडं आत नेलं. गिरिपुष्पाच्या सावलीत, दगडांची आळी करून, गुडघ्याएवढी रोपं लावलेली होती. मेडशिंग, मोई, पळस. "आता यांना उन्हाळ्यात सावली कोण देतंय? तीच."

मला एकदम माझी सुरुवातीची वर्षं आठवली, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. २००९ च्या सुमाराला मला ऑनलाइन पहिलं काम मिळालं ते लेख लिहायचं. पाचशे शब्दांचा लेख, ठरलेला शब्दसमूह त्यात बारा वेळा आलाच पाहिजे, आत काही असो वा नसो. फरशी कशी पुसावी, केस का गळतात, गोव्याला केव्हा जावं. दिवसाला पाच-पाच लेख लिहिले. माहितीच्या नावाखाली नुसती काड्या खोचलेली हिरवळ होती ती, आणि तिच्याखाली कुणाच्या उपयोगाचं काही उगवलं असेल असं मला वाटत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये शोधयंत्राच्या नियमांत 'पांडा' नावाचा बदल झाला, असे भरताड लेख मागे ढकलले गेले, आणि माझं ते काम दोन महिन्यांत आटलं. मी तेव्हा रडले होते. आज वाटतं, तो बदल योग्यच होता. पण हेही खरं, की त्याच लेखांच्या पैशातून माझा पहिला स्वतःचा कॉम्प्युटर आला, आणि त्याच लेखांनी रोज बैठक मारून लिहायची सवय लावली, जिच्या सावलीत पुढे भाषांतराचं रोप जगलं. त्या उतारावर उभं राहून सरांसारखंच मलाही त्या हिरवळीबद्दल धड लाजही वाटेना आणि धड मायाही.

घरी आल्यावर टेबलावरचा 'ळ' उचलून हातात घेतला.

हा शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, बाबांचा. बाबा कंपोझिटर होते, नारायण पेठेतल्या एका छापखान्यात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर छापखान्यात कंबरभर गाळ, आणि त्या गाळात हजारो खिळे. मालकांनी गल्लीतली पोरं गोळा केली, त्यात बाबा. त्यांचं पहिलं काम म्हणजे बादलीत गाळ घ्यायचा, चाळायचा, खिळे धुवायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, अर्धा त वेगळा. अक्षर उलटं असतं, त्यामुळे आधी बोटांनी ओळखायचं आणि मग डोळ्यांनी. चार महिने हे चाललं. बाबा सांगायचे, "मला अक्षरं शाळेनं नाही शिकवली, पानशेतनं शिकवली." त्या पुरात आमच्या आत्याचं घर गेलं, शेजारची दोन माणसं गेली. तेही बाबा सांगायचे, पण ते सांगून झालं की अक्षरांचं बोलायचे नाहीत. दोन्ही गोष्टी एका दमात त्यांनी कधी जोडल्या नाहीत.

पुढे १९९० च्या आसपास छापखान्यात कॉम्प्युटर आला. खिळे शिसं म्हणून किलोवर विकले गेले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. बाबा एक दिवस संध्याकाळी घरी आले, खिशातून हा ळ काढून देवघरातल्या फडताळात ठेवला आणि जेवायला बसले. ते पंचेचाळिशीत होते. कॉम्प्युटरवर बसायला त्यांना सांगितलं होतं, दोन महिने बसलेही, पण कीबोर्डवर त्यांचा हात चालेना. ती हार होती. तिला दुसरं नाव देणं मला प्रामाणिक वाटत नाही. पण कॉम्प्युटरवर जुळवलेली पानं चुकांनी भरलेली यायला लागली आणि मालकांनी ती बाबांपुढे ठेवायला सुरुवात केली. आधी एक पुस्तक, मग एक दिवाळी अंक. वर्षभरात ते पूर्णवेळ मुद्रितशोधक झाले आणि पुढची अठरा वर्षं तेच केलं. तीस वर्षं उलटी अक्षरं वाचलेल्या डोळ्यांना सुलटी चूक लांबून दिसायची. पगार मात्र पहिल्याएवढा पुन्हा कधी झाला नाही, आणि आईनं त्या वर्षांत शिवणकाम घेतलं. गरुडाच्या गोष्टीत आई नसते.

मी कॉम्प्युटरवर मराठी शिकले ती जुन्या फाँटवर. मग युनिकोड आलं, म्हणजे अक्षरांसाठी सगळ्या कॉम्प्युटरांनी वापरायचे एकच संकेत. देवनागरी त्यात १९९१ पासून होती, पण आपल्या कॉम्प्युटरवर ती सहज चालायला २००० सालचं विंडोज यावं लागलं, आणि छापखान्यांच्या सवयी तर त्यानंतरही कितीतरी वर्षं बदलल्या नाहीत. माझ्याकडे अजून जुन्या फाँटमधल्या फाइल आहेत. उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, त्याच्या आत कुठेतरी माझीच वाक्यं असतात. युनिकोडमध्ये क, मग पाय मोडायची कळ, मग ष दाबला की क्ष होतो, हे मी बाबांना दाखवलं तेव्हा ते खुर्ची ओढून जवळ बसले. पुन्हा कर म्हणाले. मी पुन्हा केलं. "म्हणजे जोडायचं अजून आपणच ना," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढी निश्चिंती दिसली.

टेकडीवरून आल्यावर मी काही धाडसी निर्णय घेतला नाही. एक पीस टाकलं म्हणा फार तर. सबटायटलची, जाहिरातींची कामं नव्या दरानं तपासून द्यायला हो म्हटलं. रुग्णांच्या हातात जाणारे कागद मात्र तपासणीच्या दरात करणार नाही, ते पूर्ण दरानंच करीन, असं एजन्सीला कळवलं, सोबत त्या 'जखमेला घरी सोडल्यास'चं चित्र जोडून. एकोणीस दिवस उत्तर आलं नाही. ते एकोणीस दिवस फार वाईट गेले, रात्री झोप नाही, दिवसा दर दहा मिनिटांनी इनबॉक्स. विसाव्या दिवशी एक फाइल आली, पूर्ण दराची. महिन्याला अशा दोन-तीन येतात. उत्पन्न सरळ सरळ कमी झालंय. दर आठवड्याला एक नवीन गोष्ट शिकायची एवढं ठरवलंय, त्यापलीकडे नाही. २०१० पासून जमवलेली माझी शब्दसूची आहे, साडेचार हजार शब्दांची. कोणत्या भागात टाक्यांना काय म्हणतात, अंगावरून जाणं कुठे कसं सांगतात, सगळं बायकांना विचारून विचारून लिहिलेलं. ती आता रोज उघडते आणि मशीनच्या मजकुराशेजारी ठेवून बसते.

आमच्या सहा जणींतल्या दोघींनी काम सोडलं. त्यातली एक आता डबे करते, आणि तिचं भाषांतर माझ्यापेक्षा सरस होतं, हे मी इथे लिहून ठेवते. ती जुळवून घेण्यात कमी पडली असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. तिच्याकडे एकोणीस दिवस थांबण्याएवढे पैसे नव्हते, बाकी काही नाही. टेकडीवर दरवर्षी वणवा लागतो, पळस मुळापासून पुन्हा फुटतो आणि आपण त्याचे फोटो काढतो. शेजारी गेल्या पावसातलं एखादं रोप जळून गेलेलं असतं, ते कमी चिवट होतं असं नाही, त्याची मुळं अजून खोल गेली नव्हती इतकंच.

मार्चमध्ये मादी पुन्हा दिसायला लागली. या वेळी हवेत थांबायची नाही. मधुमालतीच्या एका लोंबत्या फांदीला तिनं कोळ्याची जाळी गुंडाळायला घेतली होती. नर नुसता आसपास बसून गायचा, बांधायचं काम तिचं एकटीचं. चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट पाहिली आणि हातातलं काम तसंच टाकून दाराशी उभी राहिले. ती ग्रिलला बांधलेल्या जुन्या घरट्यावर उलटी लटकली होती आणि त्यातला एक धागा ओढत होती. धागा सुटेना, तर दोन्ही पाय रोवून मान मागे नेऊन ओढला आणि घेऊन गेली. मग पुन्हा आली. वाळलेल्या सालीचा तुकडा. अळ्यांच्या लेंड्या चिकटवलेला जाळ्याचा पदर. एक बारीक निळसर कागदाची पट्टी होती, कुठल्या तरी दुकानाच्या बिलाची, अक्षरं उडालेली. तीसुद्धा गेली. आतलं मऊ अस्तर रुईच्या म्हातारीचं, ते तिनं शेवटी ठेवलेलं दिसत होतं. नव्या घरट्याच्या दारावर तसाच छोटासा छज्जा आला, जसा आधीच्याला होता.

एप्रिलमध्ये राउटरवर लाल दिवा लागला आणि तोच मुलगा आला. चपला दाराशी काढता काढताच त्यानं विचारलं, "काकू, आली का ती परत?" मी त्याला आधी बाल्कनीतच नेलं. मधुमालतीतलं घरटं त्याला लगेच दिसलं नाही, पानांत होतं. दारातून चोच तेवढी बाहेर, ती अंड्यांवर बसली होती. तो आपोआप दोन पावलं मागे सरकला आणि हळू आवाजात बोलायला लागला. मग त्याची नजर ग्रिलकडे गेली. जुन्या घरट्याचा तळ तेवढा उरला होता, उसवलेल्या मोज्यासारखा, आणि वीतभर काळी वायर त्याच्या दोन टायांत घट्ट.

त्यानं खिशातून कटर काढला. "हे काढून टाकू का आता? उगाच लोंबतंय."

"थांब," मी म्हटलं. "आत अजून कापूस आहे."